दंड की सुपली

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी सुपली आहे. केर भरायची. कडेला गंजाने थोडी खाल्लेली, मुठीजवळ हातांनी गुळगुळीत झालेली. तुमच्या घरात दाराच्या मागे माझी एखादी बहीण उभी असेलच. तिची हकिगत वेगळी असेल, माझी अशी आहे.

माझा जन्म नवापूरला झाला. तिथे कोंबड्यांच्या मोठमोठ्या शेड आहेत आणि त्यांच्या दाण्यासाठी पत्र्याच्या लांब पन्हळी लागतात. त्या पन्हळी चुडामण नावाचा एक पत्रेकाम करणारा कारागीर करून देतो. कापून उरलेले तुकडे तो फेकत नाही. त्यांतून नरसाळी, डबे, सुपल्या असं काहीबाही घडवतो. मी अशाच एका उरलेल्या तुकड्यातून झाले. कोणाचा हात कापू नये म्हणून त्याने माझ्या कडा आत दुमडल्या, पाठीमागे कथलाचा डाख देऊन नळीची मूठ बसवली आणि मला दुकानाच्या दारात टांगून ठेवलं.

तिथून मला एका बाजाराच्या गावच्या नगरपंचायतीने विकत घेतलं. गावाचं नाव मी सांगत नाही. तिथली माणसं इतर गावांतल्या माणसांसारखीच आहेत, उगाच कोणी त्यांना नावं ठेवायला नको. गावातून हमरस्ता जातो. सुरतेकडचे ट्रक आणि डोंगरातून उतरणाऱ्या जीपगाड्या दोन्ही तिथूनच जातात. त्यामुळे रस्त्यावर नेहमी काही ना काही पडलेलं असे. चहाचे कागदी पेले, उसाची चिपाडं, गुटख्याच्या पुड्या, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर कुत्र्यांची घाण.

त्या वर्षी नगरपंचायतीने ठराव केला. रस्त्यावर कचरा टाकेल त्याला दंड. कुत्र्याने रस्त्यात घाण केली तर ते पाळणाऱ्याला दंड, आणि भटक्या कुत्र्यांना रोज एका जागी खाऊ घालणारा असेल तर त्यालाही. मात्र ठरावात एक सवलत होती. ज्याला दंड भरायचा नसेल, त्याने आपली घाण आपल्या हाताने उचलावी. त्यासाठी पथकाजवळ एक झाडू आणि एक सुपली ठेवावी. ती सुपली म्हणजे मी.

पथक म्हणजे दोनच माणसं होती. एक जागृती. डोंगरातल्या एका पाड्यावरची मुलगी, शिकून गावात आलेली, कंत्राटावर लागलेली. दुसरा करणसिंग, गावातला जुना सफाई कामगार. पावती जागृतीने फाडायची आणि ढकलगाडी करणसिंगने लोटायची, असं कामाचं वाटप होतं. मी ढकलगाडीच्या कडेला अडकवलेली असे.

मला पहिल्यांदा हातात घेतलं ते धुडकूने. त्याची चहाची गाडी होती आणि गाडीभोवती कागदी पेल्यांचा सडा पडलेला होता. जागृतीने त्याला ठराव वाचून दाखवला. दंड की सुपली, असं विचारलं.

"ताई, आते तर भोनी बी नही व्हयनी," धुडकू म्हणाला. "दे ती सुपडी."

त्याने झाडू घेतला, पेले गोळा करून माझ्यात भरायला लागला. बाकावर चहा पीत बसलेल्यांपैकी एकाने विचारलं, "धुडकू, पालिकामा नोकरी लागनी का तुले?" बाकीचे हसले. धुडकूही हसला, पण त्याचा हात थांबला. त्याने मला खाली ठेवलं. दुपारी गल्ल्यातून दंड भरला.

ही गोष्ट गावात पसरली. त्यानंतर लोक दंड भरू लागले. कोणी कुरकुर करत, कोणी ओळखी सांगून, कोणी भांडून, पण भरत. माझ्याकडे बोट दाखवलं की खिशात हात जाई. वसुली चांगली होत होती आणि माझ्या पत्र्यावर ओरखडासुद्धा पडत नव्हता.

एकदा नळाखाली मला उगाच धूत असताना करणसिंग म्हणाला, "हाई हातमा धरी का माणूस मन्हासारखा दिसस. त्यानीच भीती वाटस लोकेसले."

जागृतीने ऐकलं. पावतीपुस्तक पिशवीत घालून ती पुढच्या गल्लीकडे चालू लागली.

त्या पुढच्या गल्लीच्या तोंडाशी एक मोठा कडुनिंब होता. त्याच्या सावलीत रमिलाबाई बसायची. डोंगरातून उतरून गावाच्या कडेला राहायला आलेली बाई. आमचूर, तुरीच्या शेंगा, रानभाज्या असं गोणपाटावर मांडून विकायची. तिने जागृतीला हाताने खुणावून जवळ बोलावलं.

"पोरी, आठे रोज सकाळे कुत्रासनी घाण ऱ्हास," ती हळू आवाजात म्हणाली. "आधी ती मी काढस, मंग गोणपाट टाकस. वास जात नही. गिऱ्हाईक नाक धरीसन निंघी जास."

"खायला कोण घालतं त्यांना?" जागृतीने विचारलं.

रमिलाबाई जरा घुटमळली. मग समोरच्या कापडाच्या दुकानाकडे तिने नजर टाकली. "मांजी घालतस. पण मांजीले काही बोलू नको. चांगली बाई शे."

मांजी म्हणजे इचरजबाई. दुकानाचे मालक नेमीचंद शेठ यांची आई. लग्न होऊन राजस्थानातून या गावात आली, तेव्हापासून रोज सकाळी देवदर्शन झालं की तुपाचा हात लावलेल्या पोळ्या घेऊन ती कडुनिंबाखाली येई आणि कुत्र्यांना घाली. मग रमिलाबाईजवळच्या दगडावर टेकून घटकाभर बोलत बसे. चौमासात ती पालेभाजी खात नसे, त्यामुळे घ्यायचं काही नसे, तरी येऊन बसे. उठताना रमिलाबाई तिला हात देई आणि घराच्या पायऱ्यांपर्यंत सोडून येई. तोवर कुत्री निवांत होऊन झाडाच्या पलीकडे घाण करत. इचरजबाईला अधू नजरेने ते दिसत नसे आणि रमिलाबाई ते दाखवत नसे.

जागृती दुकानात गेली. इचरजबाई वर घरात होती. नेमीचंद शेठने खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दंड किती व्हस तो ली ले," तो म्हणाला. "रोज येवाले तुले बी तरास. महिनानी पावती एकदमच फाडी टाक."

"शेठ, दंड म्हणजे जागेचं भाडं नाही," जागृती म्हणाली. "घाण तिथेच राहते. उचलायची सोय करा. नाहीतर मांजींना सांगा."

शेठचा चेहरा बदलला. तिच्या हातातल्या सुपलीकडे, म्हणजे माझ्याकडे त्याने पाहिलं. "मन्ही माय सुपडी धरी का? या वयमा? गल्लीमा? हाऊ विषय तिन्हापर्यंत जावाले नको."

तो काही दुष्ट माणूस नव्हता. आईला कोणी काही बोलू नये एवढंच त्याला वाटत होतं. त्याने दुकानातल्या नोकराला झाडाखाली झाडायला सांगितलं. नोकराने काही दिवस झाडलं, मग सोडून दिलं. जागृती पुन्हा आली, पुन्हा पावती फाटली. असं होता होता एक दिवस शेठ नगरपंचायतीत जाऊन मुख्याधिकारी साहेबांना भेटून आला.

साहेबांनी जागृतीला बोलावलं. मी ढकलगाडीत, दाराबाहेरच होते.

"वसुली होतेय ना त्यांच्याकडून?" साहेब म्हणाले. "मग वाद कशाला वाढवायचा? तू आता बसस्टँडची बाजू बघ. त्या गल्लीत जाऊ नकोस. कंत्राटाचं नूतनीकरण जवळ आलंय, एवढं लक्षात ठेव."

जागृती "हो" म्हणाली. घरी धाकटी भावंडं होती, त्यांची शिक्षणं होती. दुसऱ्या दिवसापासून आम्ही बसस्टँडवर गेलो.

आठवडाही झाला नसेल, रमिलाबाईही तिथेच दिसली. उघड्या गटाराच्या कडेला गोणपाट टाकून बसलेली. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची धूळ तिच्या शेंगांवर बसत होती.

"मावशी, तुम्ही इकडे का आलात?" जागृतीने विचारलं.

"मन्हामुळे तुन्ही बदली व्हयनी म्हणतस," रमिलाबाई म्हणाली. "शेठ बी नाराज. तठे बसाले मन लागत नही."

तिचा माल तिथे फारसा खपत नव्हता. एसटीची वाट बघणारी माणसं भाजी घेत नाहीत. संध्याकाळी ती अर्धीअधिक टोपली तशीच घेऊन परत जाई. जागृती रोज ते बघे आणि आपल्या कामाला लागे. मी त्या दिवसांत पुन्हा कोरडीच होते.

मग एका सकाळी बसस्टँडच्या गर्दीतून काठी टेकत इचरजबाई आली. पांढरी साडी, डोक्यावर पदर, चपलांना धूळ. इतक्या लांब ती एकटी कधी आली नसावी, कारण प्रत्येक गाडीच्या भोंग्याला थांबत होती. रमिलाबाई दिसली तशी ती तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"रमिला, तू आठे? नेमी तर म्हणे तू गावले गई."

रमिलाबाई उठून उभी राहिली. शेंगा सारख्या करायला लागली. "तठे ऊन लागे, मांजी."

"झाडखाले ऊन?"

रमिलाबाईने जागृतीकडे पाहिलं. जागृती मला हातात घेऊन तिथेच उभी होती. ती तशीच पुढे निघून गेली असती, तर तिला कोणी दोष दिला नसता. तिच्या हातातल्या माझ्या मुठीवरची पकड घट्ट झाली, हे मला कळलं.

"मांजी," ती म्हणाली, "तुमच्या पोळ्या खाऊन कुत्री झाडामागेच घाण करतात. इतके दिवस ती मावशीच काढायच्या. मी शेठजींना सांगितलं होतं. ते दंड भरतात. तुम्हाला त्रास नको म्हणून त्यांनी तुम्हाला कळू दिलं नाही."

इचरजबाईने हे सगळं उभ्यानेच ऐकलं. मग रमिलाबाईकडे वळून विचारलं, "कवयपासून काढस तू?"

"व्हयनात काही वरीस."

"आनि माले बोलनी नही."

"तुम्ही पुण्य करतस. मी काय बोलू?"

इचरजबाई खाली गटाराकडे बघत राहिली. एक एसटी आली, माणसं उतरली, पांगली. शेवटी तिने काठीचं टोक माझ्याकडे केलं.

"उद्या सकाळे हाई सुपडी माले आणी दे," ती जागृतीला म्हणाली. "आनि तू, रमिला, तुन्हा गोणपाट ली ये."

जागृतीला त्या गल्लीत जायची मनाई होती. दुसऱ्या दिवशी कामाची वेळ सुरू व्हायच्या आधी ती मला घेऊन कडुनिंबाखाली गेली. करणसिंग म्हणाला, "मी बी येस," आणि तोही आला.

कुत्र्यांचं खाऊन झालं होतं. इचरजबाईला वाकता येत नव्हतं, म्हणून ती सरळ मातीतच बसली. पांढऱ्या साडीला माती लागली. रमिलाबाईने घरून करवंटीतून चुलीतली राख आणली होती. राख टाकली की उचलायला सोपं जातं. ती राख टाकणार तोच इचरजबाईने हात आडवा केला.

"थांब. मुंग्या शेतस."

मुंग्या बाजूला जाईपर्यंत सगळे थांबले. जागृतीच्या कामाची वेळ होत आली होती, पण तीही थांबली. गल्लीत माणसं जमायला लागली. दूधवाला थांबला. समोरच्या दुकानांची फळ्या-शटरं उघडता उघडता राहिली. मग राख पडली, आणि इचरजबाईने मला हातात घेतलं.

मला अनेक हातांनी धरलं आहे. तिने मला तिरपं धरलं. झाडूने लोटलेलं एकदा माझ्यात आलं आणि कडेवरून परत सांडलं. तिने पुन्हा लोटलं. तेवढ्यात नेमीचंद शेठ अनवाणी धावत खाली आला. तो आईला 'बाई' म्हणायचा, त्यांच्या घरात तीच रीत होती.

"बाई, ऊठ," तो दबक्या आवाजात म्हणाला. "लोक देखी ऱ्हायनात."

"देखू दे," इचरजबाई म्हणाली. "तू बी देख."

तो मला तिच्या हातातून घ्यायला गेला. तिने सोडलं नाही. शेवटी तो नुसता बाजूला उभा राहिला. तिने सगळं उचललं, करणसिंगने ढकलगाडी पुढे आणली, त्यात मला रिकामं केलं. उठताना मात्र तिने मुलाचा हात धरला. त्या दिवशी गल्लीत कोणी हसलं नाही.

मित्रांनो, त्यानंतर गाव बदलून गेलं असं मी सांगणार नाही. धुडकूने गाडीला एक डबा बांधला, ते मी पाहिलं. बाकी पुड्या पडतच होत्या. साहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी जागृतीला बोलावून फार काही म्हटलं नाही, पण मुदत संपल्यावर पथकच पुढे चालू राहिलं नाही. त्याचं कारण ती गल्ली होती की आणखी काही, मला माहीत नाही. जागृती अक्कलकुव्याला गेली. तिथे एका दवाखान्यात नाव नोंदवण्याचं काम करते असं कानावर आलं. जाताना तिला मला भांडारात जमा करायचं होतं. करणसिंग म्हणाला, "तठे गंज चढीसन मरी जाई हाई. झाडखाले टांगी दे." तिने साहेबांना विचारलं. साहेबांनी हात हलवून "दे, दे" म्हटलं.

तेव्हापासून मी कडुनिंबाच्या खोडावर एका खिळ्याला टांगलेली असते. रमिलाबाई आपल्या जागी परत आली. सकाळी इचरजबाई मला वापरी, मग दिवसभर शेंगांची टरफलं आणि पाला भरायला रमिलाबाई. दोघी पूर्वीसारख्या बोलत बसत, फक्त आता कधी कधी कुत्र्यांविषयीही बोलत. त्यातल्या एका काळ्या कुत्रीला पिल्लं झाली तेव्हा दोघींनी त्यांची काळजी बरेच दिवस वाहिली.

यंदा थंडीत इचरजबाईचे गुडघे पुरते थकले. जिना उतरणं बंद झालं. ती वरच्या गॅलरीत खुर्चीवर बसू लागली. पोळ्या घेऊन नोकर येई, झाडाखाली टाकी आणि मागे न बघता जाई. रमिलाबाई मला खिळ्यावरून काढी आणि मुकाट्याने सगळं उचली. वरून इचरजबाईला आमचे आकार तेवढे दिसत असतील, पण कोण वाकलं आहे ते तिला कळत होतं.

असे काही दिवस गेल्यावर ती मुलाला म्हणाली, आणि गॅलरीतलं बोलणं खाली ऐकू येतं, "नेमी, उद्यापासून पोळ्या करू नका. मन्हाच्यान आते व्हत नही."

"नोकर जास ना, बाई."

"जास. टाकीसन येस."

दुसऱ्या सकाळी कुत्री नेहमीप्रमाणे येऊन बसली. काही वेळ कोणीच आलं नाही. मग दुकानाशेजारचं दार उघडलं आणि नेमीचंद शेठ स्वतः ताट घेऊन बाहेर आला. त्याने पोळ्यांचे तुकडे केले, एकेका कुत्र्यापुढे टाकले आणि तिथेच उभा राहिला. काळी कुत्री झाडामागे गेली. तो वाट बघत राहिला. रमिलाबाई खिळ्याकडे हात न्यायला लागली, तर त्याने मानेनेच नको म्हटलं आणि मला काढलं.

आधी त्याने मला मुठीने धरलंच नाही. दोन बोटांनी कडेला धरलं, मी निसटून खाली पडले. रमिलाबाईने करवंटी पुढे सरकवली. त्याने राख टाकली, मला नीट मुठीने उचललं आणि पांढरा सदरा सावरत खाली बसला.

लग्नाचा बस्ता काढायला धानोऱ्याहून एक कुटुंब दुकानापाशी आलं होतं. त्यातले एक जाणते गृहस्थ थबकले. त्यांनी विचारलं, "शेठ, दुकानमा नोकर नही का?"

"शे ना," मान वर न करता नेमीचंद म्हणाला. "पण पोळ्या मी टाक्यात."

वर गॅलरीत इचरजबाईच्या जपमाळेचे मणी एकामागून एक सरकत होते.

आता माझ्या तळाला एक बारीक भोक पडलं आहे. बारीक माती त्यातून गळते, बाकीचं राहतं. आणखी काही पावसाळे मी काढीन. मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. तुमच्या हातून रस्त्यावर काही पडलं, किंवा तुम्ही ज्याला खाऊ घालता त्या जनावराने कुठे घाण केली, तर ती काढायला कोण येतंय म्हणून इकडेतिकडे बघू नका. जवळपास एखादी सुपली असतेच, ती मागून घ्या. मुठीने धरा, कडेला धरलं तर निसटते. आणि काम झालं की धुऊन पालथी ठेवा. गंज चढत नाही, आणि तुमच्यानंतर जो येईल त्याला हात लावताना किळस वाटत नाही.